समूहनाम आणि शैली

मुंबईत १९४७ साली स्थापन झालेल्या 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप'चे चित्रप्रदर्शन १९४९ साली भरले. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे व शिल्पकार बाकरे हे त्याचे घटक. पुढे समीक्षेत 'प्रोग्रेसिव्ह' हे समूहनाम शैलीवाचक विशेषणासारखे योजिले जाऊ लागले. ते युक्त नव्हे. गाड्यांचे निसर्गचित्र आणि सूझांची मानवाकृती यांत समान शैली आढळत नाही. त्यांचे ऐक्य नकारात होते : कलाशाळेतील ठरीव वास्तववाद त्यांना नको होता. तो नकारही एकार्थी नव्हता. आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानातील बोलारमचे आरा कलाशाळेत शिकलेच नव्हते. मग त्यांनी नाकारले ते काय? सूझा १९४९ मध्ये लंडनला, रझा १९५० मध्ये पॅरिसला गेले. समूह विस्कळीत झाला, कलावंत मात्र वाढले. नवोदितांच्या समूहप्रदर्शनाचे परीक्षण म्हणूनच चित्रापासून आरंभावे, नावापासून नव्हे.