कौले दिसली पाहिजेत

कॅमेऱ्याचा ड्रोन घ्यायचा म्हटला, की पहिला प्रश्न येतो, "किती मेगापिक्सेल?" पूर्वी स्थळ बघताना "पगार किती?" असे विचारीत, साधारण त्याच सुरात. मुलाचा स्वभाव लग्नानंतर कळायचा. ड्रोनचेही तसेच.

आमच्या मेहुण्यांना कोकणातल्या वडिलोपार्जित घराचा वरून एक फोटो हवा आहे. पावसाळ्यानंतर वाटण्या व्हायच्या आहेत. मग अर्धी कौले उतरणार आणि अंगणातून भिंत जाणार. "घर एक आहे तोवर एका चौकटीत येऊ दे," असे ते म्हणतात. नवा ड्रोन आणण्याचा प्रश्नच नाही, कारण परदेशी ड्रोनची आयात सरकारने २०२२ च्या फेब्रुवारीत बंद केली. म्हणजे ओळखीतल्या कुणाचा तरी मागून आणायचा. पण कुणाचा? पुतण्या म्हणतो, मित्राचा 'एअर २', ४८ मेगापिक्सेल! शेजाऱ्यांकडे 'एअर २ एस' आहे, तो २० चा. पुतण्याने शेजाऱ्यांकडे असे पाहिले, की बिचारे चहा न घेताच उठले.

माझे मत शेजाऱ्यांना. २०२० च्या एअर २ मधला सेन्सर अर्ध्या इंचाचा, आणि त्यात चार-चार ठिपके एकेका रंगीत काचेखाली बसवलेले. चाळीत चार बिऱ्हाडांना मिळून एक खिडकी असावी तसे. भर उन्हात तपशील थोडा वाढतो, नाही असे नाही. तिन्हीसांजेला मात्र चौघे मिळून एकच काय ते बघतात आणि ४८ चे १२ होतात. पुढच्याच वर्षी कंपनीने एअर २ एस काढला, तेव्हा आकडा उतरवून सेन्सर एक इंची केला. (हा इंच शिंप्याच्या टेपने मोजू नये. तिरका धरला तरी १६ मिलिमीटरच भरतो.) वर पांढरेफटक आभाळ, खाली काळवंडलेली कौले आणि माडांची सावली, हे सगळे एका फोटोत सांभाळायला ठिपक्यांची गर्दी नको, ऐसपैस जागा हवी.

तिसरे एक मत २४९ ग्रॅमच्या 'मिनी २' चे. का, तर परवाना नको! पण २०२१ च्या नियमांप्रमाणे हौसेखातर उडवायला २ किलोपर्यंतच्या ड्रोनलाही वैमानिकाचा परवाना लागत नाही. आणि समुद्रावरचा वारा २४९ ग्रॅमला काय मोजतो!

खरा घोटाळा उंचीचा आहे. १२० मीटरची मुभा मिळाली, की लोक १२० मीटरवरच जातात. तिथून घराची काडेपेटी होते आणि माणसांचे मोहरीचे दाणे. १९०८ साली जर्मनीतल्या युलियुस नॉयब्रॉनर नावाच्या औषधविक्याला कबुतराच्या छातीवर बांधायच्या कॅमेऱ्याचे पेटंट मिळाले. त्याच्या क्रोनबर्गच्या महालाच्या फोटोत दोन्ही कडांना कबुतराचे पंख आले आहेत. मेगापिक्सेलचा पत्ता नाही, पण कुणीतरी उडत जाऊन पाहिले आहे, हे कळते.

म्हणून मेहुण्यांना सांगितले, माडाच्या शेंड्याएवढे जा, कॅमेरा जरा तिरपा ठेवा, विहीर आणि पडवी दोन्ही येऊ देत. त्यांनी सगळे वहीत उतरवून घेतले. थोरल्या वहिनींनी एवढेच विचारले, "त्या दिवशी अंगणात आमसुलं वाळत घालू की उचलून ठेवू?"

घालाच, म्हटले.