लॉजिक, तर्क आणि जाब

कार्ल्याच्या लेण्यांत गेलात तर चैत्यगृहातले खांब जरा नीट बघा. त्यांतल्या काहींवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत, आणि त्या दात्यांत धेनुकाकट नावाच्या गावचे ‘यवन’ आहेत. यवन हा शब्द मुळात आयोनियाच्या ग्रीकांसाठीचा. पुढे तो पश्चिमेकडून आलेल्या इतरांनाही लागला, त्यामुळे हे सगळे ग्रीकच होते असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. त्यांची नावं मात्र बघा: सिहधय, धम, यसवधन. सगळी प्राकृत. दोनेक हजार वर्षांपूर्वी या लोकांनी मावळात खांब ठेवले, पण त्या लेखांत आपली भाषा ठेवली नाही.

ग्रीक शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आले ते फार नंतर, इंग्रजीचं बोट धरून. त्यांतला सगळ्यात रुळलेला म्हणजे ‘लॉजिक’. सिनेमा असो, क्रिकेटची टीम असो की घरच्यांनी घातलेला नियम, ‘ह्यात काय लॉजिक आहे?’ असं आपण सहज विचारतो. या शब्दावर माझा राग नाही. माझी तक्रार आहे ती त्याच्यासाठी ठरवलेल्या मराठी प्रतिशब्दाबद्दल: तर्क.

अकरावी-बारावीला ‘तर्कशास्त्र’ हा विषय असतो. त्यात आधारविधान, निष्कर्ष, तर्कदोष असे नेमके शब्द शिकवतात. वर्गाबाहेर आलं की तोच तर्क एकदम सैल होतो. ‘माझा आपला एक तर्क’ म्हणजे अंदाज. ‘तर्कवितर्कांना उधाण आलं’ म्हणजे कुणालाच काही माहीत नाही. ‘तर्कट’ तर शिवीच. म्हणजे पुस्तकात जो शब्द खात्रीकडे नेतो, तोच बोलण्यात खात्री नसल्याची खूण आहे.

याचा दोष बोलीला देता येत नाही. न्यायदर्शनात सोळा पदार्थ मानले आहेत. त्यांत ‘प्रमाण’ वेगळं आणि ‘तर्क’ वेगळा. तिथेही तर्क हे स्वतंत्र प्रमाण नाही. ‘असं नसतं तर काय झालं असतं?’ असं तपासून प्रमाणाला मदत करणं एवढंच त्याचं काम. लक्ष्मणशास्त्री जोशींना ‘तर्कतीर्थ’ ही पदवी मिळाली ती न्यायशास्त्राच्या अभ्यासासाठी. तिथे तर्क म्हणजे अख्खं शास्त्र. एकाच शब्दावर इतकी ओझी टाकल्यावर तो वाकणारच.

आता ग्रीक बाजू पाहू. लॉजिकच्या मुळाशी ‘लोगोस’ आहे. ज्या क्रियापदावरून तो आला, त्याचे अर्थ गोळा करणं, मोजणं आणि बोलणं. आजच्या ग्रीकमध्ये खानावळीतल्या बिलाला ‘लोगारियास्मोस’ म्हणतात, तो याच घराण्यातला. रोमन लोकांनी लोगोससाठी ‘रातिओ’ हा शब्द वापरला, त्याचाही अर्थ हिशेब. इंग्रजीतलं ‘रीझन’ तिथूनच आलं. थोडक्यात, युरोपातले विचाराचे हे दोन मोठे शब्द हिशेबाच्या वहीतून उठून आलेले आहेत.

हिशेब कुणाला तरी द्यावा लागतो. ग्रीकमध्ये ‘लोगोस देणं’ असा वाक्प्रचारच आहे. प्लेटोच्या ‘लाखेस’ या संवादात दोन सेनापती धैर्य म्हणजे काय यावर बोलायला बसतात. त्यांतला निकियास आधीच सावध करतो, की सॉक्रेटिसशी बोलायला बसलेला माणूस शेवटी स्वतःच्या जगण्याचाच लोगोस देत बसतो. इथे ‘तर्क देत बसतो’ असं भाषांतर करून बघा, काहीच कळत नाही. ‘जाब देत बसतो’ म्हणा, सेनापतीच्या कपाळावरचा घाम दिसतो.

म्हणून माझं म्हणणं असं, की लोगोसच्या या अर्थाला मराठीत सगळ्यात जवळचा शब्द ‘जाब’ आहे. जाब विचारतात, जाब देतात. त्याला दोन माणसं लागतात. तर्क एकट्याने बसून लढवता येतो.

कुणी म्हणेल, जाब हा अरबी-फारसीतून आलेला शब्द, शास्त्राला शोभत नाही. त्यावर मला कंदाहारचा शिलालेख आठवतो. 1958 साली तिथे अशोकाचा ग्रीक आणि अरामाइक लेख सापडला. त्याच्या ग्रीक भागात ‘धम्म’साठी ‘युसेबेइया’ हा शब्द आहे. तो ग्रीकांच्या रोजच्या जगण्यातला, देवांविषयी आणि वडीलधाऱ्यांविषयी आदर सांगणारा शब्द. भाषांतर करणाऱ्याने नवा शब्द घडवला नाही, वाचणाऱ्याच्या तोंडात असलेला घेतला. धम्माचा सगळा अर्थ त्यात आला नसेल, पण ग्रीक माणसाला वाक्य कळलं.

जाबमध्येही लोगोसचं सगळं मावत नाही. लोगोस म्हणजे गुणोत्तरही, आणि मराठी बायबलने त्यासाठी ‘शब्द’ निवडला आहे. त्यामुळे विषयाचं नाव तर्कशास्त्रच राहू दे. मला हवं आहे ते एवढंच, की लॉजिक मागताना आपण नेमकं काय मागतोय हे आपल्याला कळावं.

आपल्या परंपरेलाही हे ठाऊक होतं. स्वतःपुरतं केलेलं ते स्वार्थानुमान आणि दुसऱ्याला पटवण्यासाठी मांडलेलं ते परार्थानुमान. दुसऱ्यासाठी मांडताना पाच पायऱ्या. डोंगरावर आग आहे. कारण धूर दिसतोय. जिथे धूर तिथे आग, जशी चुलीत. इथेही तसाच धूर आहे. म्हणून आग आहे. पावसाळ्यात राजमाचीकडे बघत कुणी हे सांगितलं, तर मावळातलं शाळकरी पोरही विचारेल, धूर कशावरून, धुकं कशावरून नाही? धुक्याला धूर समजण्याची ही चूक नैयायिकांच्या चर्चेत आहेच. पायऱ्या मोकळ्या मांडल्या की समोरच्याला नेमकं कुठे बोट ठेवायचं ते कळतं.

आज मराठीत पुस्तकांवर, सिनेमांवर जे लिहिलं जातं, त्यात मला हेच कमी दिसतं. ‘लॉजिक नाही’ असा शेरा मारला की चर्चा संपते. ‘काळजाला भिडलं’ म्हटलं तरी संपतेच. इंग्रजीतला ‘क्रिटिक’ ज्या ग्रीक क्रियापदातून आला, त्याचा अर्थ वेगळं काढणं, निवडणं. आपला ‘विवेक’ही वेगळं करण्याच्याच धातूतून आला आहे. तांदूळ निवडणाऱ्या बाईला विचारलं, हा दाणा का टाकला, तर ती दाणा उचलून दाखवते. समीक्षा करणाऱ्याने तेवढं तरी करावं. कुठला प्रसंग पटला नाही, त्याआधी काय घडलं होतं, त्यावरून काय घडायला हवं होतं, हे मांडावं. मग लेखकाला, दिग्दर्शकाला किंवा कमेंटमधल्या एखाद्या पोरालाही उलट जाब विचारता येईल.