रास अल खैमाचा किल्ला आणि दावीदचा दगड

२०२० च्या करारानंतर इस्राएलमधील आपली मंडळी दुबईला जाऊ लागली. त्यांनी एक दिवस राखून रास अल खैमाचे राष्ट्रीय संग्रहालय अवश्य पाहावे. संग्रहालय म्हणजे तिथला जुना किल्लाच. १८१९ साली मुंबईहून गेलेल्या इंग्रजी फौजेने हे बंदर उद्ध्वस्त केले होते. किल्ल्यात १९६० नंतरच्या काही वर्षांपर्यंत कासिमी शासकांचा मुक्काम होता. पुढे तिथे पोलीस आले, तुरुंग झाला आणि १९८७ साली संग्रहालय उघडले. माझ्या मते त्या तुरुंगाच्या दिवसांनाही राजघराण्याइतकीच जागा मिळायला हवी. भिंती त्याच आहेत.

आपल्याला मोलाची वस्तू मात्र निराळी. जवळच्या शिमल भागात सापडलेला, हिब्रू अक्षरे कोरलेला थडग्याचा दगड या संग्रहालयाकडे आहे. नाव दावीद, मोशेचा मुलगा. कोण होता हा यहुदी? कोणत्या गलबतातून उतरला? नवगावला आपल्या पूर्वजांच्या कबरी आहेत, पण त्यांवर एकही नाव नाही. इथे नाव आहे.

असा दगड नवलाची वस्तू म्हणून मांडू नये. जुल्फार या इथल्या जुन्या बंदराच्या व्यापाराची हकीकत जिथे सांगतात, तिथेच दावीदला बसवावे.