धूळ झटकलेला 'टॉइन'

जुन्या तबकड्या नव्या वेष्टनात बाजारात आल्या की आम्हाला आधी शंका येते. माल तोच, भाव नवा. म्हणून आयर्लंडच्या 'हॉर्सलिप्स' या मंडळींचे नव्याने मास्टर केलेले अल्बम आम्ही बरीच वर्षे ऐकलेच नाहीत. त्यांचा 'द टॉइन' (1973) आमच्याकडे होता, पण कॅसेटवरून कॅसेटवर उतरवलेला. तेवढ्यावर आम्ही मत बनवले आणि चारचौघांत ठणकावून सांगितलेही : विजेच्या गिटारने आयरिश लोकधून गिळून टाकली. ते मत आता मागे घेणे भाग आहे.

या पाच जणांची सुरुवात मोठी गमतीची. त्यांतले तिघे डब्लिनच्या एका जाहिरात संस्थेत नोकरीला होते. बिअरच्या जाहिरातीसाठी वादकांचे सोंग घेणारी माणसे हवी होती, म्हणून ते उभे राहिले. सोंग खरे ठरले आणि 1970 मध्ये 'हॉर्सलिप्स' जन्माला आली. गिटार आणि ड्रम यांच्या शेजारी त्यांनी फिडल, मँडोलिन, कॉन्सर्टिना, बासरी आणि पाईप ही घरची वाद्ये बसवली. परंपरेचे कडवे रखवालदार चिडले, हे ओघानेच आले. रॉकच्या चुलीवर पूर्वजांच्या धुनी शिजवायच्या म्हणजे काय!

'द टॉइन'ची कथा आयर्लंडच्या प्राचीन वीरगाथेची आहे. राणी मेव्ह हिला कूलीचा तपकिरी वळू हवा आहे. त्यासाठी ती अल्स्टरवर चाल करून जाते. शापाने लोळागोळा झालेल्या योद्ध्यांच्या जागी कू कुलिन हा कोवळा वीर एकटा लढतो. शेवटी त्याला आपला सोबती फर्डिया यालाच मारावे लागते. 'डॅरग डूम' या गाण्यातली गिटारची दणदणीत सुरावट सर्वांच्या तोंडी बसली. 1990 च्या विश्वचषकासाठी आयर्लंडच्या फुटबॉल संघाच्या गाण्यातही तीच वापरली गेली. पण ती सुरावट मुळात 'ओ'नीलचे कूच' या जुन्या पारंपरिक धुनीची. आमच्या कॅसेटवर ती निव्वळ गोंगाट वाटे. स्वच्छ प्रतीत तिची चाल, तिचे वळण कानाला उमगते. गिटारने धून गिळलेली नाही; तिला खांद्यावर घेतले आहे. त्यानंतर 'कू कुलिनचा विलाप' येतो. सोबत्याला ठार करून उरलेला माणूस त्यात बोलतो. कॅसेटच्या खरखरीत हा विलाप आम्हाला कधी ऐकूच आला नव्हता. कसूर त्या पाच जणांचा नव्हता.

रिमास्टर म्हणजे पुन्हा गाणे नव्हे, वाद्यांची नवी मांडणीही नव्हे. मूळ टेपवरच्या मिश्रणाचा तोल नव्याने साधायचा, एवढेच. त्यासाठी आधी टेप हाती हवी. हॉर्सलिप्स 1980 मध्ये विखुरली आणि त्यांच्या संगीताचे हक्क दुसऱ्यांकडे गेले. 1999 मध्ये कोर्टकज्ज्यानंतर ते परत मिळाले, आणि मगच या नीटस आवृत्त्या निघाल्या. स्वतःची धून स्वतःला नीट ऐकवण्यासाठी माणसाला कोर्टाची पायरी चढावी लागते!

मात्र सगळेच उजळले असे नाही. 'द अनफॉर्च्युनेट कप ऑफ टी' (1975) कितीही घासूनपुसून घ्या, फिकाच लागतो. शिवाय स्वच्छतेचा एक तोटा आहे : गायकीचा पातळपणा आता लपत नाही. याउलट 'द बुक ऑफ इन्व्हेजन्स' (1976) दुप्पट मोठा झाल्यासारखा वाटतो. जुन्या आयरिश संगीतात सुरांचे तीन प्रकार मानत : हसवणारा, रडवणारा, निजवणारा. या अल्बमचे तीन भाग त्याच क्रमाने बांधले आहेत. रसांची भाषा कानावर असलेल्या आपल्या वाचकाला हा अल्बम सर्वांत आधी आपलासा वाटेल. सुरुवात त्यानेच करावी.

2023 मध्ये तब्बल 35 तबकड्यांचा संच निघाला. त्याचे नाव 'मोअर दॅन यू कॅन च्यू', म्हणजे चावेल त्यापेक्षा मोठा घास. 'द टॉइन'मधल्याच एका गाण्याचे हे नाव. इशारा वेष्टनावरच छापला आहे. शौकिनांनी तो जरूर घ्यावा, नवख्याने वाटेला जाऊ नये. त्याच वर्षी गिटारवादक जॉनी फीन वारले.

आमची ती कॅसेट अजून फडताळात आहे. तिच्यावर 'टॉइन' हे नावसुद्धा आम्ही चुकीचे लिहिले होते.