पाप कुणाचे, आशा कुणाची?

‘पाप’ हा शब्द कानावर पडला की दलित वाचक सावध होतो, आणि त्याने सावध झालेच पाहिजे. या शब्दाने त्याला शतकानुशतके फसवले आहे. गावकुसाबाहेरचे जगणे हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, असे त्याला सांगितले गेले आणि ते त्याच्या तोंडून वदवूनही घेतले गेले. विटाळ म्हणजे काय, असा रोखठोक प्रश्न विचारणारा चोखामेळाही त्याच्या नावावरील एका अभंगात आपल्या हीन मानलेल्या जन्माचे कारण मागच्या जन्मीच्या स्वतःच्याच अपराधात शोधतो. अन्याय करणारा मोकळा आणि अन्याय सोसणारा कबुलीजबाब देणारा, अशी ही व्यवस्था आहे.

म्हणून ख्रिस्ती साहित्यातील पापकबुली वाचताना पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे, की कबुली कोण देतो आहे आणि कशाची? धर्मांतरित अस्पृश्याच्या स्थितीविषयी बाबासाहेबांनी जे लिहून ठेवले (महाराष्ट्र शासनाने १९८९ साली काढलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या पाचव्या खंडात ते आहे), त्यात त्यांनी याच ठिकाणी बोट ठेवले आहे. अस्पृश्याला त्याच्या अवनतीचे कारण त्याच्या भोवतीच्या परिस्थितीत नसून त्याच्या मूळ पापात आहे असे शिकवले, तर ती परिस्थिती बदलण्याची प्रेरणाच तो गमावून बसतो, हा त्यांचा आक्षेप. कर्मविपाक गेला आणि त्याच्या जागी आदिपाप आले, तर गुलामाच्या पदरात काय पडले?

हा आक्षेप मान्य करूनही ख्रिस्ती पापविचार संपूर्ण निकालात काढता येत नाही, असे मला वाटते. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सातवा अध्याय पाहावा. चांगले करण्याची इच्छा आहे, पण हातून घडते ते नको असलेलेच, अशी तेथील तगमग आहे. लगेच आठव्या अध्यायात आशा येते; ती ‘माझे पाप संपले’ अशी बढाई नाही. दंडाज्ञा उठली आहे, एवढेच तेथे सांगितले आहे. या आशेचा खरा उपयोग असा, की जो शिक्षेच्या भयातून सुटला तो स्वतःचा दोष उघड्या डोळ्यांनी पाहू शकतो. भ्यालेला माणूस दोष लपवतो, नाहीतर दुसऱ्याच्या माथी मारतो.

या कसोटीवर मराठीतील एक पुस्तक लावून पाहू. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झाले. आजवर त्याचे कौतुक विनोदासाठी आणि घरगुती भाषेसाठी झाले. परंतु ते विटाळाच्या वेडाचेही पुस्तक आहे, हे आपल्या समीक्षेने पुरेसे सांगितलेले नाही. लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याने झपाटले होते आणि सारे घर त्या झपाटण्याखाली भरडले गेले. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला; लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली वर्षे ताटातुटीची, आणि पुन्हा एकत्र आल्यावरही वेगळ्या चुलीची, वेगळ्या पाण्याची. मग एके दिवशी त्या स्वतःलाच विचारतात, की जातिभेद देवाने केला की माणसाने? उत्तर ‘माणसाने’ असे येते, आणि त्यानंतर कुणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा त्या निश्चय करतात.

या प्रसंगाचे मोल मोठे आहे. येथे कबुली देणारी व्यक्ती जातीच्या उतरंडीच्या वरच्या टोकाची आहे. ‘मी पापी’ असे मोघम बोलून ती मोकळी होत नाही. पाण्याचा तांब्या कुठे ठेवला, कुणाला दूर उभे केले, असे पाप तपशिलात सांगितले आहे. ‘पतित’, ‘पामर’ अशी विशेषणे स्वतःला लावणे सोपे असते; त्यासाठी घरातील एक भांडेही हलवावे लागत नाही. लक्ष्मीबाईंनी भांडे हलवले.

पण येथेच मर्यादाही दिसते. त्या प्रसंगाचे केंद्र लक्ष्मीबाईंचे मन आहे. ज्याच्या स्पर्शाचा विटाळ मानला, त्याचे देणे कुणी फेडायचे? लूकच्या शुभवर्तमानातील जक्कय हा जकातदार याचे उत्तर देतो. येशू घरी आल्यावर तो नुसता रडत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करण्याचे बोलतो. कबुलीनंतर परतफेड आलीच पाहिजे, नाहीतर क्षमा ही मालकवर्गाने आपापसात केलेली तडजोड ठरते.

ख्रिस्ती मंडळीनेच हा धडा किती गिरवला? मंडळीत आलेला महार-मांग वेगळ्या बाकावर बसला आणि काही ठिकाणी वेगळ्या दफनभूमीत पुरला गेला. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात त्याला स्थान मिळाले नाही. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला, तेव्हाही तो बाहेरच राहिला. म्हणजे सरकारने त्याला ख्रिस्ती म्हणून वगळले आणि मंडळीने त्याला अस्पृश्य म्हणून ओळखले! डिसेंबर २०१६ मध्ये भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करताना मंडळीतील जातिभेद मान्य केला आणि त्याला गंभीर सामाजिक पाप म्हटले. उशिरा का होईना, पापाचे नाव योग्य घेतले गेले. पण हा अजून जक्कयाचा निम्माच रस्ता आहे.

आता आपल्याकडे वळू, कारण दुसऱ्याच्या पापाचा हिशेब मांडून आपण सुटत नाही. दया पवारांच्या ‘बलुतं’ने १९७८ साली समाजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, आणि त्याच पुस्तकात बायकोवर संशय घेणारा नवराही दडवला नाही. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये सुनांवरचा जुलूम आपल्याच घरांतला आहे. या पुस्तकांत तारणारा देव नाही, तरी कबुली आहे. महार-मांगांतले अंतर, दारू, बाईवर उगारलेला हात यांचे खापर व्यवस्थेवर फोडता येते, पण सगळे नाही. व्यवस्थेने लादलेला अपराधभाव फेकून द्यायचा आणि स्वतः केलेला अपराध मात्र ओळखायचा, हा विवेक कार्यकर्त्याला रोज करावा लागतो.

ख्रिस्ती श्रद्धेतील आशेचे आपल्याला काही घेण्यासारखे असेल तर ते एवढेच, की पडलेला माणूस पडूनच राहिला पाहिजे असे नाही. मात्र ज्याला पाडले गेले, त्याला ‘तू पडलास’ असे सांगणाऱ्याचा हात आधी तपासून घ्यावा.