श्रोत्याचे उणे-अधिक

पुस्तकाला परीक्षण मिळते, नाटकाला मिळते, हल्ली तर मिसळीलाही मिळते. रेडिओवरच्या भाषणाला मात्र ते फारसे कधी मिळाले नाही. दहा मिनिटांचे ते बोलणे हवेत विरून जाई आणि त्यावरचा अभिप्राय म्हणजे स्वयंपाकघरातून आलेले 'जरा गाणी लावा ना!' एवढाच. मी साठेक वर्षांचा जुना श्रोता. संस्कृती, समाज, परंपरा, स्त्री, खेडे असल्या विषयांवर जे जे ऐकले, त्यातले काय कानात राहिले आणि काय दुसऱ्या कानाने निघून गेले, याचा हिशेब मांडावा म्हणतो. नाहीतरी हे वहीपूजनाचेच दिवस आहेत.

आधी जमेची बाजू. नरकचतुर्दशीच्या पहाटे रेडिओवर लागणारे नरकासुरवधाचे कीर्तन हा माझ्या लेखी नभोवाणीवरच्या समाजचिंतनाचा उत्तम नमुना. अंगाला तेल, डोळ्यांत झोप आणि कानावर झांजा, अशा अवस्थेतही ते समजे. कीर्तनाचे दोन भाग वाचकांना ठाऊकच आहेत. पूर्वरंगात अभंगाचे निरूपण, उत्तररंगात आख्यान. चांगला कीर्तनकार पूर्वरंगात जो सिद्धांत मांडतो, तोच उत्तररंगात माणसांच्या तोंडून वदवतो, आणि म्हणून तो म्हाताऱ्यालाही कळतो आणि पोरालाही. संस्कृतीविषयक भाषणांबद्दल माझी तक्रार थोडक्यात अशी, की त्यांतली बहुतेक नुसता पूर्वरंग असत. आख्यान लावायच्या आतच वेळ संपलेली असे!

याला कारणही होते. भाषण आधी लिहून द्यावे लागे, ते पसंत व्हावे लागे आणि मग ध्वनिक्षेपकापुढे बसून वाचावे लागे. लिहिताना माणूस विद्वानांकडे पाहून लिहितो; ऐकणारी मात्र पोळ्या लाटत असते. 'ज्याअर्थी' म्हटल्यावर 'त्याअर्थी' येईपर्यंत तव्यावरची पोळी करपून जाई. कधीकधी वक्त्याने कागद उलटल्याचा आवाज ऐकू येई. खरे सांगतो, साऱ्या भाषणात तोच काय तो जिवंत क्षण असे.

एक भाषण मला अजून आठवते. विषय होता जात्यावरची ओवी. वक्ते व्यासंगी होते. ओवीची अक्षरे, यमके, तिच्यातली बंधुप्रीती, माहेरची ओढ, सारे त्यांनी नीट लावून सांगितले, आणि उदाहरणादाखल दहाबारा ओव्या स्वतःच्या भरदार आवाजात वाचल्या. माझी आई शेजारी शेंगा सोलत बसली होती. तिचे अर्धे आयुष्य जात्यापाशी गेलेले. ती एवढेच म्हणाली, "दळायला बसला असता, तर एवढा दमसास उरला नसता हो त्याला." या एका वाक्यात त्या भाषणाचे जे परीक्षण आहे, त्याहून चांगले मला आजवर लिहिता आलेले नाही. जिच्याबद्दल बोलायचे तिचा आवाज बाहेर ठेवूनच आपण बोलत होतो. आणि तो आवाज काही दूर नव्हता. घराघरांत संचापासून चार हातांवर शेंगा सोलीत बसलेला होता.

याउलट मुंबई केंद्राची 'पुन्हा प्रपंच' ही श्रुतिका. प्रभाकर जोशी यांचे प्रभाकरपंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकरांचे टेकाडे भाऊजी यांची ओळख करून द्यायची गरज निदान माझ्या पिढीला नाही. समाजशास्त्राचा एकही शब्द न उच्चारता तिने मध्यमवर्गीय महाराष्ट्र जितका दाखवला, तितका शंभर भाषणांनी दाखवला नसेल. मीनावहिनींच्या 'अहो'मध्ये कौतुक किती आणि वैताग किती, हे आवाजाच्या चढउतारावरून कळे. कुटुंबसंस्थेवरचे भाषण याच्या जवळपासही पोचत नाही. मात्र एक उणे आहेच. हा प्रपंच पांढरपेशांचा. त्या घरातली भांडी कोण घासते, गिरणीचा भोंगा झाल्यावर घराबाहेर कोण पडते, हे विचारायला टेकाडे भाऊजींना कधी फुरसत झाली असे मला तरी वाटले नाही. श्रुतिका माझी लाडकी आहे, म्हणूनच हे बोलतो.

खेड्याकडे पाहण्याच्या बाबतीत पुणे केंद्राची पुण्याई मोठी. व्यंकटेश माडगूळकरांसारखा लेखक तिथे ग्रामीण कार्यक्रम पाहत असे. आणि त्याच केंद्रावरून १९५६ साली युनेस्कोच्या साह्याने एक प्रयोग झाला, ज्याच्याबद्दल वाचताना मला आजही हेवा वाटतो. त्या वेळच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावे निवडली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाचा कार्यक्रम. गावातली वीसेक माणसे संचाभोवती बसून तो ऐकत, मग आपसांत वाद घालत, आणि अडलेले प्रश्न केंद्राला पाठवीत. त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांत मिळत. ऐका, चर्चा करा, कृती करा, हे ब्रीद. टाटा समाजविज्ञान संस्थेने या साऱ्याची पाहणी केली. पॉल नॉयराथ या समाजशास्त्रज्ञाचे त्यात मोठे काम होते. आकाशवाणीचे तेव्हाचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर स्वतः हिंदीतले नाटककार; संवादाला दोन बाजू लागतात हे नाटककाराला वेगळे शिकवावे लागत नसावे. १९५९पासून हा उपक्रम देशात इतरत्र पसरला.

खते आणि बियाणे यांपेक्षा मला त्यात महत्त्वाचे वाटते ते ऐकणाऱ्याला उत्तर देता आले हे. आमच्या शहरी भाषणांना ती सोय नव्हती. श्रोत्यांची पत्रे वाचून दाखवत, नाही असे नाही. पण त्यांत 'कार्यक्रम फार आवडला' याखेरीज दुसरे वाक्य क्वचित असे. आईचे ते दमसासाचे वाक्य कोणी पत्रात लिहून धाडले असते, तर ते वाचले गेले असते का, याची मला शंकाच आहे.

आता रेडिओचा संच अडगळीत आहे आणि मोबाईल खिशात. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी अनेक वर्षे गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७पासून त्या प्रसिद्ध करायला सुरुवात केली. कितीतरी ओव्या गाणाऱ्या बाईच्या नावागावासह तिच्याच आवाजात ऐकायला मिळतात. हा काही रेडिओ नव्हे, पण माझ्या कानांना ते जुने अपुरे भाषण इथे पुरे झाल्यासारखे वाटते. सूर सरळ लागतो असे नाही. श्वास जिथे तुटतो तिथे ओळ तुटते, आणि ती तिथेच तुटायला हवी हे कळते. सोबत लिहिलेले निरूपणही चांगले असते. पण मी ते मागाहून वाचतो. आधी ओवी दोनदा ऐकतो, दुसऱ्या वेळी डोळे मिटून.