पडद्यावरचा हिमलोट : खरा, पण अर्धाच

हिमस्खलन कशाने होते, असे वर्गात विचारले तर एखादे मूल हमखास सांगते, "डोंगरात कोणी ओरडले की बर्फ कोसळतो." व्यंगपटांनी आणि साहसपटांनी ही समजूत इतकी पक्की केली आहे की आपल्यापैकी अनेकांनाही ती खरी वाटते. म्हणूनच रुबेन ओस्टलुंड या स्वीडिश दिग्दर्शकाचा 'फोर्स मेज्योर' (२०१४) हा चित्रपट आम्ही विज्ञानाच्या नजरेने पाहिला.

आल्प्स पर्वतात सुटीसाठी आलेले एक कुटुंब उपाहारगृहाच्या उघड्या सज्जात जेवत असते. समोरच्या उतारावरून बर्फ घसरू लागतो. हे मुद्दाम घडवलेले आहे, काळजी नको, असे वडील सांगतात. पण पांढरा लोट जवळ येताच बायकोमुलांना मागे टाकून तेच पळ काढतात. थोड्या वेळाने ढग विरतो. कोणालाही इजा झालेली नसते. पुढचा सगळा चित्रपट या पळण्याविषयी आहे.

विज्ञानाच्या दृष्टीने यात दाद देण्यासारखे पुष्कळ आहे. येथे बर्फ ओरडण्याने कोसळत नाही, स्फोटाने कोसळतो. माणसाच्या ओरडण्याने बर्फाच्या थरावर पडणारा दाब, थर तुटण्यास लागणाऱ्या दाबाच्या शंभराव्या हिश्शाइतकाही नसतो. थर तुटतो तो स्फोटाने, नव्या बर्फाच्या भाराने किंवा त्यावर चढलेल्या माणसाच्या वजनाने. सज्जापर्यंत पोचतो तो हवेत उडालेला हलका हिमचुरा. जड लोट मागेच थांबलेला असतो. हा फरक फार थोड्या चित्रपटांनी दाखवला आहे.

आमची तक्रार वेगळी आहे. प्रेक्षक घरी नेतो ते एकच चित्र : कोरडा बर्फ, मोठा ढग, प्रचंड वेग. वसंतातला ओला हिमलोट असा नसतो. उन्हाने वरचा थर वितळला की पाणी कणांमधून खाली झिरपते. एखाद्या कठीण थरावर ते साचले की कणांना जोडणारे बंध सैल होतात आणि वरचा थर सुटतो. या लोटाला फारसा ढग नसतो, वेगही कमी असतो. पण ओल्या सिमेंटसारखे त्याचे वजन असते, आणि थांबताच तो घट्ट बसतो. गाडला गेलेला माणूस हातही हलवू शकत नाही.

या धोक्याला घड्याळ असते. निरभ्र रात्री बर्फ उष्णता आकाशाकडे टाकून पुन्हा गोठतो, म्हणून पहाटे उतार बळकट असतो. ऊन चढते तसा तो सैल होतो : आधी पूर्वेकडचा, मग दक्षिणेकडचा, शेवटी पश्चिमेकडचा. रात्र ढगाळ गेली तर बर्फ नीट गोठतच नाही आणि सकाळही भरवशाची राहत नाही. छान ऊन पडले म्हणजे धोका टळला, हा आपला रोजचा अनुभव तेथे उलटा ठरतो.

चित्रपटाचे मूळ स्वीडिश नाव 'टुरिस्ट', म्हणजे पर्यटक, असे आहे. ४ एप्रिल २०२३ रोजी दुपारी बाराच्या सुमारास सिक्कीममध्ये गंगटोक-नाथुला रस्त्यावर हिमस्खलन झाले आणि सात पर्यटक मरण पावले. उन्हाळ्याच्या सुटीत आपल्याकडची कितीतरी कुटुंबे बर्फ पाहायला हिमालयात जातात. त्यांना ढगाचे चित्र ठाऊक असते, घड्याळाचे नसते.

चित्रपट मोठ्यांसाठी आहे. मुलांना तो सबंध दाखवू नये. सज्जावरचे दृश्य मात्र जरूर सांगावे आणि त्याला एका प्रयोगाची जोड द्यावी. खरखरीत कापड लावलेल्या फळीवर साखरेचा पातळ थर पसरा. त्यावर मैद्याचा जाड थर घालून हलकेच दाबा. फळी तिरपी करत न्या आणि मैदा घसरण्याच्या बेतात आला की थांबा. आता मुलांना ओरडू द्या. मग एकाला मैदा बोटाने दाबायला सांगा. काय होते ते मुले स्वतःच पाहतील. ओस्टलुंड यांनी माणसाच्या भीतीचा थर उकलून दाखवला आहे. बर्फाचे थर उकलून दाखवणे हे आपले, शिक्षकांचे, काम आहे.